खंडेनवमीचं काडतूस

माझ्या सासऱ्यांची बंदूक मी आयुष्यात दोनदाच पाहिली, पण तिच्याविषयी जेवढं ऐकलं तेवढं सख्ख्या नणंदेविषयीही ऐकलं नाही. बारा बोअरची दुनळी. आधी त्यांच्या वडिलांच्या परवान्यावर होती, मग त्यांच्या परवान्यावर आली. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, ही माझी सवत, आणि तीही थोरली. दर रविवारी अण्णा बंदुकीला स्वतःच्या हाताने तेल देत. सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावायला मात्र बाई ठेवली होती.

अण्णा म्हणजे पद्मनाभ वकील. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात चाळीस वर्षं काळा कोट घालून उभे राहिलेले. सासूबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे सिंगापूरला आले. आमचा फ्लॅट बुकित पंजांगला, नवव्या मजल्यावर, खिडकीखालून एलआरटीची छोटी ट्रेन जाते. मी, विनीता, आणि माझा नवरा प्रबोध दोघंही आयटीत. इथे सतरा वर्षं झालेली, आधी नोकरीचा पास, मग पीआर म्हणजे कायम राहायची परवानगी, आणि त्या वर्षी आम्ही सिटिझनशिपचा अर्ज टाकलेला. मुलगा राजस एकोणीस वर्षांचा. इथे वाढलेल्या पीआर मुलांना दोन वर्षं सैन्यात काढावी लागतात, तशी तो काढत होता. नुसती काढत नव्हता, सार्जंटच्या कोर्सला निवडला गेला होता आणि त्यात पहिल्या पाचांत होता.

अण्णा आले ते खरं तर त्याच्या परेडसाठी. कोर्स संपला की मैदानावर परेड होते आणि घरच्या माणसांनी पुढे येऊन मुलाच्या गणवेशावर नव्या पट्ट्या लावायच्या असतात. अण्णांनी गावाहूनच फोन करून सांगितलं होतं की पट्टी मी लावणार. प्रबोधने काही म्हणायच्या आत मीच हो म्हटलं होतं. म्हाताऱ्या माणसाची हौस, म्हटलं, होऊ दे.

येताना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून यावी लागली, कारण घर बंद राहणार. त्याची पावती त्यांनी पासपोर्टमध्ये ठेवली होती. आल्या दिवशी, अजून चहासुद्धा झाला नव्हता, तेवढ्यात मला ती दाखवली. ठाण्यातल्या हवालदाराने नळीला बोटं लावली आणि तेलाचे डाग पडले, असं फार दुखऱ्या आवाजात सांगितलं. माझ्या घरात ठेवलेल्या सासूबाईंच्या फोटोकडे त्यांचं लक्ष गेलं ते दुसऱ्या दिवशी.

दोनेक आठवड्यांनी शस्त्रपरवान्याच्या नव्या कायद्याच्या मसुद्याची बातमी आली. कुठल्या पेपरात आली ते मला माहीत नाही, अण्णांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली. प्रत्येक हत्यारामागे दरवर्षी कर, काडतुसांवर वेगळा अधिभार, आणि नूतनीकरणाच्या अटी पहिल्यापेक्षा कडक. त्यातली एक अट अशी की अर्जदाराची देशात किंवा परदेशात कुठेही, कसल्याही कारणाने पोलीस चौकशी झालेली असेल तर परवाना रद्द. खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण अण्णा तालुक्याच्या शस्त्रपरवानाधारक संघटनेचे अध्यक्ष होते, आणि त्या दिवसापासून आमच्या हॉलचं संघटनेचं कार्यालय झालं.

रोज इथले अकरा वाजले की व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळचे साडेआठ. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, अशा थाटात अण्णा पंख्याखाली बसत आणि बंधूंनो म्हणून सुरुवात करत. आठवड्यातून दोन दिवस मी घरून काम करायची, त्यामुळे त्या बंधूंची मला चांगलीच ओळख झाली. एक पेट्रोलपंपवाले होते, त्यांच्याकडे तीन हत्यारं. ते म्हणत कराचं काही नाही हो, मी उद्या भरीन, पण तत्त्वाचा प्रश्न आहे. एक तरुण पुढारी होता, त्याने पिस्तूल घेतलं होतं ते मुख्यतः लग्नाच्या वरातीत कमरेला दिसावं म्हणून. तो म्हणायचा सरकारला जनतेची भीती वाटायला लागली, आज कर लावतील, उद्या दारात येऊन उचलून नेतील. कुणी अमेरिकेचं उदाहरण द्यायचं, तिकडे बघा, तिकडच्या माणसाच्या बंदुकीला हात लावून दाखवा. आमदारांना भेटायचं, मतं मागायला आले की दाखवू, मोर्चा काढायचा, मोर्चाला बंदुका आणता येत नाहीत तर रिकाम्या म्यानांसारखे परवानेच हातात धरायचे, असं बरंच काही चालायचं. सगळी बोलाचीच कढी.

खरी अडचण होती ती एका माणसाची. सैन्यातून निवृत्त होऊन बँकेच्या दारात उभा राहणारा. बंदूक स्वतःची असेल तरच नोकरी, असा त्याचा करार. त्याने दोनदा विचारलं की कर लागला तर तो माझ्या पगारातून जाणार, आमच्यासारख्यांना सूट मागायची का? त्याचा आवाज तुटक यायचा. दोन्ही वेळा पेट्रोलपंपवाल्यांनी त्याला म्यूट करायला सांगितलं.

निवेदन अण्णांनी लिहिलं आणि टाइप मी केलं, कारण त्यांना फोनवर मराठी टाइप करता येत नव्हतं. त्यातला एक परिच्छेद मला अजून पाठ आहे. बंदूक ही चैन नाही. घरातल्या माणसावर वेळ आली तर कर्त्या माणसाने पुढे उभं राहायचं, त्यासाठी ती आहे. जो कर्ता पुढे उभा राहू शकत नाही त्याने बंदूक ठेवूही नये. हे वाक्य त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं आणि खूश होऊन म्हणाले, कोर्टात असं बोललो असतो तर न्यायाधीशाने पेन खाली ठेवलं असतं. मलाही ते आवडलं होतं, उगाच कशाला खोटं बोलू.

राजस शनिवारी दुपारी सुटून घरी यायचा आणि रविवारी संध्याकाळी परत जायचा. नातू आला की अण्णांना मोर्चा, आमदार सगळ्याचा विसर पडायचा. त्याच्या रायफलचं वजन किती, पल्ला किती, किती गोळ्या झाडल्या, सगळं विचारून घ्यायचे आणि लगेच ग्रुपवर टाकायचे. परक्या देशाचं सरकार माझ्या नातवाच्या हातात फुकट रायफल देतं, आणि माझंच सरकार माझ्या बापाच्या बंदुकीवर कर लावतं. त्यावर एकशेबारा माणसांचे अंगठे यायचे.

एकदा राजसने त्यांना सांगितलं की गोळीबार झाला की प्रत्येक रिकामी केस, म्हणजे गोळीचं टरफल, उचलायची, मोजून परत द्यायची, आणि मग रांगेत उभं राहून, खिसे उलटे करून, अधिकाऱ्यासमोर मोठ्याने म्हणायचं की माझ्याकडे गोळी नाही आणि रिकामी केसही नाही. अण्णा हसले. म्हणाले, म्हणजे बंदूक देतात, पण विश्वास देत नाहीत.

"तसं नाही आजोबा," राजस म्हणाला. "सगळे सेम बोलतात. बोललं की ते बिलीव्ह करतात. दॅट्स द होल पॉइंट."

मग अण्णांनी मनातली गोष्ट काढली. साठ वर्षांत पहिल्यांदा खंडेनवमीला त्यांच्यासमोर शस्त्र नसणार. एक रिकामी केस आणशील का पूजेपुरती? राजसने मान हलवली. "कॅनॉट, आजोबा. एक मिसिंग असली तरी पूर्ण कंपनी तिथेच थांबते, मिळेपर्यंत." अण्णा त्या दिवशी जेवणावर रुसले. मी राजसला आत बोलावून म्हटलं, जरा गोडीने सांगायचं रे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी वेड्यासारखं बोलले.

त्या वर्षी खंडेनवमी शनिवारी आली. सकाळी दहा वाजता मी पाट मांडला. दोन लॅपटॉप, भाजीची सुरी, प्रबोधचा स्क्रूड्रायव्हरचा संच, आणि राजसने आदल्या आठवड्यात घासूनपुसून ठेवलेले जुने बूट. दरवर्षीसारखंच, थोडं खरं, थोडं गमतीचं. राजस अजून कॅम्पमधून यायचा होता. अण्णा सोवळं नेसून आले, आणि त्यांनी आपल्या पूजेच्या डब्यातून तांबड्या फडक्याची पुरचुंडी काढली. उलगडली. आत काडतूस होतं. लाल पुठ्ठ्याचं, बुडाला पितळ, तोंड फाटलेलं, रिकामं. सोळाव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली त्यांनी पहिला बार काढला, भुईमुगात शिरलेल्या डुकरावर, त्याचं हे काडतूस.

मी हातातलं तबक खाली ठेवलं. इथे सतरा वर्षं राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. गोळी असो, केस असो, भरलेली असो की रिकामी, परवान्याशिवाय जवळ ठेवायची नाही, विमानतळावर त्यावरून लोकांना बाजूला घेतात. मी विचारलं, अण्णा, हे आणलंत कसं? ते म्हणाले, पितळेच्या निरांजनाच्या आणि करंड्याच्या मधे दडवून, कुणी विचारलंसुद्धा नाही. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, स्वतःचंच.

प्रबोध म्हणाला, आत्ताच्या आत्ता कचऱ्याच्या चूटमध्ये टाकू. अण्णा ताठ झाले. बापाची आठवण कचऱ्यात टाकायला सांगतोस, तेही नवमीच्या दिवशी? पाच मिनिटं बोलाचाली झाली. शेवटी असं ठरलं की पूजा होऊ दे, मग ते अण्णांच्या बॅगेत तळाशी जाईल, परत जाताना काय ते बघू, आणि राजसला यातलं काही कळू द्यायचं नाही. थोडक्यात, आम्ही ते पाहिलंच नाही. आणि हे ठरल्यावर मी पाटापुढे बसले आणि त्या काडतुसाला बोटाने हळदकुंकू लावलं. हे मी मुद्दाम सांगते आहे.

दुसऱ्या दिवशी दसरा. इथे रस्त्याच्या कडेला कांचनाची झाडं आहेत, पानं थेट आपट्यासारखी. ती तोडायची सोय नाही, म्हणून मी दरवर्षी खाली पडलेली वेचून आणते. राजसने सगळ्यांना सोनं दिलं, अण्णांच्या पाया पडला. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरले. मी त्याच्यासाठी बेसनाचे लाडू डब्यात भरत होते. त्याची बॅग दाराशी होती. अण्णा तिच्यापाशी वाकलेले मी पाहिले, मला वाटलं चप्पल शोधताहेत.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघत होते, तेवढ्यात राजसचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. लाडवाचा डबा काढताना त्याच्या हाताला ती पुरचुंडी लागली होती. ती त्याने उघडली, बांधली, आणि तसाच जाऊन आपल्या अधिकाऱ्याच्या हातात दिली. टाकून देता आली असती. खोलीतल्या एका मित्राने तेच सुचवलं होतं. "आई, मी खरं सांगितलंय," तो म्हणाला. "आजोबांनी प्रेअरचं म्हणून ठेवलं, मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, ओके, घरी येऊन कन्फर्म करतील. तुम्ही फक्त खरं सांगा. मग काही नाही होणार."

मी बॅग खाली ठेवली आणि अण्णांच्या खोलीत गेले. त्यांनी नाकारलं नाही. नातवाचं रक्षण व्हावं म्हणून ठेवलं, म्हणाले, पुठ्ठ्याचं टरफल ते, त्याने कुणाचं काय वाकडं होणार आहे. मी सगळं समजावून सांगितलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. हे लोक येतील ते जबाब लेखी घेतील का?

मला त्या प्रश्नाचा अर्थ तेव्हा कळला नाही. दुपारी कळला. ते जेवायला आले नाहीत म्हणून बघायला गेले, तर पलंगावर बसून फोनवर मसुद्यातली ती अट वाचत होते. देशात किंवा परदेशात. कुठेही. कसल्याही कारणाने. ओठ हलवत, एकेक शब्द. फोनशेजारी पोलीस ठाण्याची पावती होती.

संध्याकाळी प्रबोध आल्यावर आम्ही तिघं टेबलाशी बसलो. प्रबोध बापाशी कधी वरच्या आवाजात बोलत नाही, त्या दिवशी बोलला. म्हणाला, अण्णा, तुम्ही म्हातारे पाहुणे, पूजेची वस्तू, दंड करतील, समज देतील, फार तर लवकर परत पाठवतील. त्याचं सगळं करिअर आहे. अण्णांनी ऐकून घेतलं. मग त्यांच्यातला वकील बोलायला लागला. आयुष्यभर अशिलांना काय सांगितलं? लेखी काही द्यायचं नाही. मी हो म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, घरात आणखी कुणी पाहिलं होतं? तू पाहिलंस. विनीताने पाहिलं. पाहून दोन दिवस घरात ठेवलंत. तुमचा तो अर्ज आहे ना सरकारकडे? तिघांनी माहीत नाही म्हटलं तर विषय तिथेच संपतो. तरुण पोराला काय, ओरडतील आणि सोडून देतील.

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, फक्त प्रबोधकडे. आणि मला माझ्या नवऱ्याचा चेहरा बदलताना दिसला. मी भांडले. म्हटलं, मी टाइप केलंय तुमचं निवेदन, घरातल्या माणसावर वेळ आली तर कर्त्याने पुढे उभं राहायचं, हीच ती वेळ आहे. अण्णा म्हणाले, ते निवेदन आहे. प्रबोध टेबलावरचा डाग नखाने खरवडत बसला आणि मग म्हणाला, आपण राजसला नंतर समजावू.

बुधवारी दुपारी चौकशीला माणसं आली. एक पुरुष अधिकारी, एक बाई, दोघंही तरुण, आणि त्यांच्याबरोबर गणवेशातला राजस. तिघांनी दाराबाहेर बूट काढले. राजसने मला बघून जरासं हसल्यासारखं केलं, घरी आल्यावर करतो तसं. त्याला खात्री होती. त्या बाईने टेबलावर प्लास्टिकची पिशवी ठेवली आणि अगदी सौम्यपणे अण्णांना विचारलं, अंकल, हे तुमचं आहे का? घाबरू नका, आम्हाला फक्त कुठून आलं ते हवं आहे.

अण्णांनी चष्मा लावला. पिशवी उचलून उजेडाकडे धरली, खाली ठेवली, आणि कोर्टातल्या खणखणीत इंग्रजीत सांगितलं की ही वस्तू मी कधी पाहिलेली नाही. मुलाचा काहीतरी गैरसमज होतो आहे.

राजसने मान झटकन वळवली. त्या बाईने प्रबोधला विचारलं, तो फरशीकडे बघून नाही म्हणाला. मग ती बाई माझ्याकडे वळली. पिशवीतल्या काडतुसाच्या पितळेवर हळदीकुंकवाचं बोट अजून तसंच होतं, माझं बोट. तिने तेच दाखवून विचारलं, ही लाल पावडर कसली? मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, ही कुठल्याही हिंदू घरात असते, मुलाच्या बॅगेतही असू शकते. उलटतपासणीत साक्षीदाराला वाचवावं तसं ते मधे पडले. मला वाचवायला, बरं का.

"मॅडम, तुम्ही हे पाहिलं होतं?" तिने पुन्हा विचारलं.

राजस माझ्याकडे बघत होता. मी नऊ महिने पोटात वाढवलेला, तापात रात्री मांडीवर घेतलेला, वगैरे सगळं जे आया म्हणतात ते मला तेव्हा काही आठवलं नाही. मला आठवला तो आमच्या अर्जाचा नंबर. सतरा वर्षं आठवली. मी म्हटलं, "नाही. मी पाहिलं नाही."

त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले, सह्या घेतल्या. जाताना राजस दाराबाहेर बसून बूट बांधत होता, मी जवळ जाऊन मराठीत काहीतरी पुटपुटले, नंतर बोलू असं काहीतरी. "ओके," तो म्हणाला, आणि उठला.

प्रकरण फार वाढलं नाही. जुनं, रिकामं काडतूस, त्याने आपण होऊन दिलेलं, म्हणून समज देऊन सोडलं. त्या बाबतीत अण्णांचा कयास बरोबर निघाला. कोर्समधून मात्र त्याला काढलं. त्याच्या अधिकाऱ्याने प्रबोधला फोन करून नीट समजावून सांगितलं, आवाजात कुठेही राग नव्हता. काडतुसाचं एवढं नव्हतं सर, म्हणाला. पण त्याने एक सांगितलं आणि घरातल्या तिघांनी दुसरं. इथे प्रत्येकाच्या शब्दावर चालतं. पुढे दहा जणांच्या हातात रायफली देऊन त्यांना रेंजवर न्यायचं असतं त्याने. प्रबोध येस, येस, आय अंडरस्टँड म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर त्याने अंघोळ केली, तासभर.

राजसला कॅम्पच्या स्टोअरमध्ये टाकलं, तंबू आणि पाण्याचे डबे देण्याघेण्याच्या कामावर. परेडच्या आधी चार दिवस अण्णा परत गेले. परेडसाठी शिवून आणलेला बंद गळ्याचा कोट त्यांनी घड्या घालून बॅगेत वर ठेवला, चुरगळू नये म्हणून. विमानतळावर मला म्हणाले, पोरांचं दुःख लवकर विरतं. मी त्यांची बॅग ट्रॉलीवर चढवली. 

पुढे सगळं छान झालं, तेही सांगते. निवडणुका जवळ आल्यावर तो मसुदा मागे घेतल्याचं ग्रुपवर आलं. मुळात तो कुणी मांडला होता की नाही, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. तरी संघटनेचा विजय म्हणून सभा झाली, आमदार आले, अण्णांना शाल, श्रीफळ. मी टाइप केलेल्या निवेदनातलं ते वाक्य फ्लेक्सवर छापलं होतं, कर्त्या माणसाने पुढे उभं राहायचं. बँकेच्या दारातल्या त्या माणसाने कराच्या भीतीने आधीच बंदूक विकून नोकरी सोडली होती, असं त्याच ग्रुपवर एका ओळीत आलं. अण्णांना ठाण्यातून बंदूक परत मिळाली. परवान्याचं नूतनीकरण झालं. चौकशीच्या रकान्यात त्यांनी नाही लिहिलं, आणि ते खरंच होतं, कारण चौकशी त्यांची झालीच नव्हती. आमची सिटिझनशिपही झाली. एका हॉलमध्ये शंभर लोकांबरोबर उजवा हात वर करून मी शपथ घेतली, खरं बोलण्याविषयी त्यात काही नव्हतं.

राजस आमच्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. मी दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा कारणं सांगितली, दुसऱ्यांदा रडले. दोन्ही वेळा त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "इट्स फाइन, आई." शनिवारी येतो, जेवतो, झोपतो. फक्त एक गोष्ट नवीन झाली. रविवारी निघायच्या आधी तो हॉलच्या मधोमध बसतो आणि बॅग पूर्ण रिकामी करतो. एकेक कपडा झटकतो, मोजे उलटे करतो, बॅगेचे सगळे कप्पे चाचपतो, शिवणींवरून बोटं फिरवतो. मग परत भरतो. पहिल्यांदा मी विचारलं होतं, काय हरवलंय? "नथिंग. जस्ट चेक," तो म्हणाला. त्यानंतर मी विचारलं नाही. प्रबोध त्या वेळी कचरा टाकायला खाली जातो, जरी चूट आमच्या मजल्यावर आहे.

यंदाच्या नवमीला सकाळीच अण्णांचा फोटो आला. पाटावर दुनळी, तिला झेंडूची माळ, नळीवर कुंकवाची बोटं, शेजारी अण्णा, शाल पांघरून. खाली लिहिलं होतं, राजसची फार आठवण झाली, त्याला आशीर्वाद. घरच्या ग्रुपवर होता, त्यामुळे राजसनेही पाहिला. त्याने अंगठा टाकला.

मी यंदा पाट मांडला नाही. दुसऱ्या दिवशी दसरा म्हणून लाडू मात्र केले आणि संध्याकाळी डबा त्याच्या हातात दिला. त्याची बॅग तपासून झाली होती. त्याने डब्याचं झाकण काढलं, वरचे लाडू एका बाजूला करून खालचे पाहिले, कागद उचलून त्याच्याखाली पाहिलं. मग झाकण लावून डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "नो नीड, आई. कँटीनला मिळतं सगळं." मी वेचून आणलेली कांचनाची पानं हातात घेऊन दाराशी उभी होते. सोनं द्यायचं म्हणून एक पाऊल पुढे आले, तर त्याने बॅग माझ्याजवळून ओढून घेतली आणि बूट बांधून होईपर्यंत दोन्ही पायांच्या मध्ये घट्ट धरून ठेवली.